मुक्कामाची आखणी

बाबांनी टेबलावरचं कॅलेंडर, पेनांचा डबा आणि पाण्याची बाटली एकेक करून कडेला सारली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ट्रेसिंग पेपर उलगडला. कागद पुन्हा गुंडाळी धरू लागला, तेव्हा त्यांनी एका टोकावर चष्म्याचं घर ठेवलं आणि दुसऱ्यावर मुलीचा मोबाईल.

"खोली अशी पाहिजे," ते म्हणाले.

प्रवास कंपनीतल्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली. रोमन सैन्याच्या खुणा बघत जाणाऱ्या सहलीच्या सात मुक्कामांची यादी त्यांनी आधीच संगणकावर उघडून ठेवली होती: नदीकाठचा किल्ला, डोंगरावरची भिंत, शस्त्रांचं संग्रहालय, सैनिकांची थडगी. पण कागदावर यातलं काहीच नव्हतं. एक चौकोन होता. त्यात दार, खिडकी, पलंग, बाथरूम, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात सेंटिमीटरमधलं माप.

"ही कुठल्या हॉटेलातली खोली, काका?"

"सगळ्या."

"म्हणजे?"

"सातही ठिकाणी अशीच. आत शिरलं की पलंग उजव्या हाताला, उशी भिंतीकडे. बाथरूमचं दार पायांसमोर. खिडकी डाव्या अंगाला. मापं थोडी इकडेतिकडे झाली तर चालतील. बाजू बदललेल्या चालणार नाहीत."

बाईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या मुलीकडे. "लोक खिडकीतून समुद्र दिसतो का विचारतात. बाथरूम कुठल्या बाजूला हे विचारणारे तुम्ही पहिलेच. दिशा-बिशा फार बघता का तुम्ही?"

"सर्वेअर होतो मी. छत्तीस वर्षं दुसरं काही बघितलंच नाही."

बाई मोकळेपणानं हसल्या. बाबाही हसले, आणि मग त्यांच्या आवाजात तो शिकवण्याचा सूर आला, जो मुलीला लहानपणापासून पाठ होता.

"रोमन सैन्य दिवसभर चालायचं. संध्याकाळी कितीही दमलेलं असो, आधी छावणी आखायचं. रोज नवी जागा, पण आखणी तीच. सेनापतीचा तंबू मध्ये, तिथून ठरलेल्या अंतरावर रस्ते, रस्त्यांवर तंबूंच्या ओळी. आखणारे माझेच भाऊबंद, सर्वेअर. शिपाई अंधारात उठला तरी त्याला ठाऊक, इकडे वळलं की आपली गल्ली. आज आपण कुठल्या मुलखात आहोत हे माहीत नसलं तरी चालायचं. आपला तंबू कुठे हे माहीत असायचं."

"म्हणजे तुम्हाला रोमन शिपायासारखं राहायचंय," बाई म्हणाल्या.

"तसंच समजा."

मुलगी मांडीवरच्या पिशवीची चेन उघडत होती आणि लावत होती. असं चाललंय हे लक्षात आल्यावर तिनं हात पिशवीखाली घेतला.

बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. सत्तरीच्या पुढचा प्रवासी एकटा जाणार असेल, तर जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र लागत होतं. प्रवासी एकट्यानं प्रवास करण्यास सक्षम असल्याचं मी जाणते, खाली सही, नाव, नातं.

"घाई नाही. परवापर्यंत दिलंत तरी चालेल. पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला निघायचं, नाहीतर मग थंडी संपल्यावर."

"थंडी संपल्यावर बरं पडेल ना, बाबा?" मुलगी म्हणाली. "दिवस मोठे असतात. बघायला जास्त वेळ मिळेल."

"नको," बाबा म्हणाले. ट्रेसिंग पेपर गुंडाळताना त्यांनी तो एकदाही चुरगळू दिला नाही.

*

घरी येईपर्यंत ती त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत राहिली. ते कुठल्या कोपऱ्यावर वळतात, वळण्याआधी थांबतात का, हे बघायची तिला महिनाभरात सवय लागली होती.

महिन्यापूर्वी भर दुपारी तिला रखवालदाराचा फोन आला होता. साहेब पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उभे आहेत, दुसऱ्याच्या कुलपात किल्ली घालून बघताहेत. ती छापखान्यातून धावत आली तेव्हा बाबा रखवालदाराच्या खुर्चीत बसून त्यालाच चहा पाजत होते. "एकाच बिल्डरनं एकाच साच्यातून काढलेल्या इमारती. चूक त्याची," ते म्हणाले होते. रखवालदारालाही ते पटलं होतं. तिनंही स्वतःला पटवलं होतं.

पण थोरल्या काकांचं तिला आठवत होतं. बाबांचे मोठे भाऊ. त्यांचंही किल्लीपासूनच सुरू झालं. मग रस्ते गेले, मग नावं. शेवटची चार वर्षं ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे कडेच्या खुर्चीवर बसत. तिन्हीसांजा झाल्या की उठायचे, सगळ्यांना नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "बराय मंडळी, निघतो आता." कुठे निघालात, असं विचारलं की ओशाळून हसायचे.

जिना चढताना बाबा म्हणाले, "परवाच तुझी आई म्हणत होती, एवढ्या लांब जाऊन पडक्या भिंती बघायच्या, त्यापेक्षा आपल्याच गच्चीची बघा, तीही पडायला आलीय."

तिचा हात कठड्यावर थांबला. आईला जाऊन चौदा महिने झाले होते.

बाबांच्या पिढीची माणसं दहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीलाही परवाच म्हणतात. आई हयात असतानाही ते असंच बोलायचे आणि आई दरवेळी विचारायची, "कुठला परवा? मागचा, पुढचा, की तुमचा?" घरात अंतरं बाबांची होती आणि वार-तारखा आईच्या. आता वार सांगायला कुणी नव्हतं, एवढंच असेल. तिच्या मुद्रितशोधनाच्या कामात अशा जागी समासात छोटंसं प्रश्नचिन्ह काढून पुढे जाता यायचं. लेखक नंतर सांगायचा, बरोबर आहे की नाही ते.

"परवा म्हणजे आपलं... मागे," दोन पायऱ्या वर गेल्यावर बाबा म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

चहा पिताना तिनं विचारलं, "एकटंच का जायचंय पण? मी रजा काढते ना."

"तू आलीस की माझ्याकडे बघत राहशील. आत्ता बघतेयस तसं."

"मी कुठे बघतेय?"

"कुणी सारखं आपल्याकडे बघत असलं ना, की आपल्याला भिंती दिसत नाहीत. तो बघणारा दिसतो." त्यांनी कप विसळून पालथा घातला. "परवा अर्धा दिवस घरी थांब. सगळा आराखडा तुला देतो. छापायला जाण्याआधी तुम्ही तपासता तसा तपास. चूक सापडली तर नाही जात. नाही सापडली तर सही कर. आहे कबूल, अनुस्वारबाई?"

पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरणाऱ्या मुलीला त्यांनी हे नाव फार पूर्वी दिलं होतं. ती हसली आणि कबूल म्हणाली. चूक सापडावी असं तिला वाटत होतं, आणि सापडली तर ती कसली असेल याची भीतीही वाटत होती.

*

गुरुवारी सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर फाइल ठेवली. फाइलखाली एक जुनी, लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती.

"आधी आराखडा बघ. मग फील्डबुक. मी केस कापून येतो."

"मी येऊ सोबत?"

"न्हाव्याकडे?"

ते गेले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. फाटकातून ते उजवीकडे वळले, बरोबर वळले, औषधांच्या दुकानापाशी रस्ता ओलांडला आणि दिसेनासे झाले. तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं.

मग तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि बसली.

सोमवारी बंद असणारी संग्रहालयं त्यांनी सोमवारी ठेवलेली नव्हती. एका किल्ल्याचं दार हिवाळ्यात तासभर आधी लागतं, तेही धरलं होतं. गाड्यांच्या वेळा, बदलायच्या स्थानकांवर लागणारा वेळ, फलाटापासून बाहेरच्या दारापर्यंत किती पावलं. डोंगरावरच्या भिंतीलगत चालायचा टप्पा त्यांनी स्वतःच्या आताच्या चालीनं मोजला होता, तिशीतल्या नव्हे. वार आणि तारखा तिनं कॅलेंडर समोर ठेवून एकेक जुळवल्या. चौतीस तारखा होत्या. चौतीसही बरोबर होत्या. आई असती तर तिलाही बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

तिला हलकं वाटू लागलं. सोबतचं हमीपत्रही तिनं वाचलं आणि सवयीनं त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

शेवटच्या पानावर एक नोंद खोडलेली होती. खोडलेलं वाचण्यात तिचा हातखंडा होता. ते एका मोठ्या संग्रहालयाचं नाव होतं. तिथं रोमन सर्वेअरांच्या यंत्राचे लोखंडी तुकडे जपून ठेवले आहेत. काठीवर आडवी फुली, फुलीच्या चार टोकांना दोरीनं लटकवलेले चार ओळंबे. त्यातून बघत सगळ्या छावण्या, सगळे सरळ रस्ते आखले गेले. ती सात वर्षांची असताना बाबांनी दोन फूटपट्ट्या आणि चार किल्ल्या घेऊन तसं यंत्र तिला करून दाखवलं होतं. खरं यंत्र एकदा डोळ्यांनी बघायचं, असं ते तेव्हापासून म्हणत आले होते. हा सगळा प्रवास मुळात त्या चार ओळंब्यांसाठी होता.

खोडलेल्या ओळीपुढे लिहिलं होतं: रद्द. त्या गावी खोली जुळत नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. पेन्सिल खाली ठेवली आणि वही पुढे ओढली.

बाबांच्या खात्यात नुसता नकाशा कुणी घेत नसे. शेतात, उन्हात, उभ्या-उभ्या केलेल्या मूळ नोंदींची वही सोबत जोडावी लागे, तीच फील्डबुक. नकाशा घरी बसून देखणा करता येतो, फील्डबुकात जे दिसलं तेच लिहायचं असतं, खाडाखोड करायची नसते. त्यांनी घरातल्या वहीतही तसेच रकाने आखले होते. दिवस. ठिकाण. डोकं कुठे, दार कुठे. वेळ. शेरा.

पहिली नोंद तीन महिन्यांपूर्वीची होती.

पलंग, नेहमीचा. ०.

बाहेरची खोली, दिवाण. डोकं दाराकडे. ४ मि.

स्वयंपाकघर, जमिनीवर. ११ मि. शेरा: नळाचा आवाज आला तेव्हा समजलं.

कसली मिनिटं, हे तिला लगेच कळलं नाही. पान उलटून मागे गेल्यावर वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर खुलासा सापडला. वेळ म्हणजे जाग आल्यापासून आपण कुठे आहोत हे कळेपर्यंतचा वेळ. मनगटी घड्याळावरून. आधी घड्याळ बघणे, मग बाकीचं.

त्या तीन महिन्यांत बाबा घरभर कुठेही झोपत होते. कधी दिवाणावर, कधी स्वयंपाकघरात सतरंजी टाकून, एकदा तर गॅलरीत. आईच्या बाजूची रिकामी उशी त्यांना बघवत नसेल, असं तिनं धरलं होतं. विचारायचं नाही असंही तिनं ठरवलं होतं. दिवाणावर एक जाड पांघरूण नेऊन ठेवलं होतं आणि न विचारता समजून घेतल्याचं तिला थोडं समाधानही वाटलं होतं.

ती वाचत गेली. दिवाण फिरवून, उशी भिंतीकडे, दार डावीकडे. १ मि. तिच्या खोलीत, ती दोन दिवस बाहेरगावी असताना, तिचा पलंग सरकवून. ०. मित्राच्या घरी, खोली जशी होती तशी. १४ मि. शेरा: मित्राला उठवावं लागलं नाही. मित्राच्या घरी, पलंग फिरवून. ०. पुढे पुन्हा ०, आणि पुन्हा ०. मग लाल शाईनं, पट्टी लावून अधोरेखित केलेला निष्कर्ष होता: जागा बदलली तरी चालते. आखणी बदलता कामा नये.

ट्रेसिंग पेपरवरचा चौकोन म्हणजे पलीकडची आई-बाबांची खोली होती. तिला मान वळवली तरी उघड्या दारातून पलंग दिसला असता. तिनं मान वळवली नाही.

निष्कर्षाखाली रेघ होती आणि तिथं काम संपायला हवं होतं. पण रेघेखाली अजून दोन नोंदी होत्या.

मंगळवार. पलंग, नेहमीचा. ७ मि. शेरा: फेरमोजणी करावी.

बुधवार. पलंग, नेहमीचा. ९ मि.

शेऱ्याचा रकाना कोरा होता. अक्षर वरच्या नोंदींइतकंच सुबक होतं.

तिनं वही मिटली, पुन्हा उघडली, आकडे तेच होते. मंगळवारी पहाटे सात मिनिटं स्वतःच्या पलंगावर हरवलेला माणूस त्याच दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासोबत प्रवास कंपनीत आला होता आणि त्या बाईंना हसवत होता. आणि काल दिवसभर त्यांनी तिच्याशी भाजी महागल्याबद्दल गप्पा मारल्या होत्या.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. न्हाव्याचं दुकान चार मिनिटांवर होतं.

ती उठून खिडकीशी गेली. औषधांच्या दुकानासमोर एक बाई छत्री झटकत होती, बाकी रस्ता मोकळा होता. तिनं चपला घातल्या, मग काढल्या. फोन करायला मोबाईल उचलला तर बाबांचा फोन समोर फ्रिजवरच होता. गर्दी असेल, तिनं स्वतःला सांगितलं. ते पेपर वाचत बसले असतील. कुणीतरी भेटलं असेल. तिला खिडकीपासून हलवेना.

साडेअकराला लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला, बंद झाल्याचा झाला. मग काहीच नाही.

ती आतून दाराला लागून उभी राहिली. कडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. दार उघडलं असतं तर ते लगेच आत आले असते, हसून काहीतरी बोलले असते, आणि बाहेर ते कशासाठी थांबले होते हे तिला कधीच कळलं नसतं. तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. सेकंदकाटा एक फेरा पुरा करून दुसऱ्या फेऱ्याला लागला होता. आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं नजर घड्याळावरून काढून दाराच्या लाकडावर ठेवली.

किल्ली कुलपात गेली आणि फिरली.

"अगं, दारात काय उभी?" बाबा म्हणाले. मानेवर बारीक पांढरे केस चिकटले होते. "माझ्यापुढे तिघं होते. एकाच्या लग्नाची बोलणीच झाली तिथं."

"आणि बाहेर?"

त्यांनी बूट काढले, एकाशेजारी एक लावून ठेवले. "बाहेर शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचत होतो. मग आपल्या दारावरची वाचली." ते टेबलाशी येऊन बसले. वही उघडी होती, हे त्यांनी पाहिलं. "झालं तपासून?"

"झालं."

"चुका किती?"

"तुमच्या कागदांत एकही नाही. कंपनीच्या फॉर्मात दोन होत्या."

"बघ. रोमन असते तर त्या बाईंना अर्ध्या जेवणावर ठेवलं असतं." ते थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "ती शेवटची दोन मापं... एकदा मनात आलं होतं, पान फाडावं."

"मग?"

"फील्डबुकच्या पानांना नंबर असतात."

ती त्यांच्यासमोर बसली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तो टूं-टूं आवाज थांबल्यावर तिनं वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"मी हमीपत्रावर सही करणार नाही, बाबा."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही केली नसती." त्यांनी फाइल बंद केली आणि तिच्या दोऱ्या बांधायला घेतल्या. गाठ बसेना. तिनं मदतीला हात पुढे केला नाही. फोन उचलून नंबर लावला.

"प्रवास कंपनी ना? मी मंगळवारी वडिलांबरोबर आले होते. रोमन सैन्याचं. हो, त्या खोलीवालेच." तिचा आवाज तिलाच सपाट वाटला. "मला विचारायचं होतं, बावीसच्या आधीची कुठली तारीख आहे?"

बाबांचे हात दोऱ्यांवर थांबले.

"आधीची?" बाईंचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "अहो, परवा तर तुम्ही थंडी संपल्यावर म्हणत होतात."

"हो. आता नाही म्हणत. सगळ्यात आधीची सांगा."

कळफलकाचा आवाज आला. नऊ तारीख होती, पण तयारीला जेमतेम तीन आठवडे मिळतील, काकांना दगदग होणार नाही ना. होणार नाही, ती म्हणाली. नऊ चालेल.

"बरं. प्रवासी एकच धरू ना?"

तिनं तोंड उघडलं. भिंतींऐवजी बघणारा दिसतो, असं म्हणालेला माणूस समोर बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता. तिनं फोन कानापासून काढला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला.

बाबांनी तो उचलला. चष्मा कपाळावर चढवला, उतरवला. पलीकडून बाई दोनदा हॅलो म्हणाल्या.

"दोन," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "दुसऱ्या माणसाची खोली कशीही चालेल."